ओकोयाँगच्या मा : मिस मेरी स्लेसर

शिक्षक हा शब्द उच्चारला कीं शाळेची इमारत, फळा, बाकें, घंटा व हजेरीपत्रक हें सर्व आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ज्या ठिकाणीं यांपैकीं एकहि वस्तु नव्हती, जेथें पोहोंचण्यास होडी व पायवाट यांवांचून मार्ग नव्हता, आणि जेथें अक्षरओळख करून देण्यापूर्वीं शिक्षकाला एखाद्या तान्ह्या बाळाचा जीव वांचवावा लागे, अशा ठिकाणीं एका स्त्रीनें आपलें आयुष्य वेंचलें. पश्चिम आफ्रिकेंतील कॅलाबार प्रांतांत, म्हणजे हल्लींच्या नायजेरिया देशाच्या आग्नेय कोपऱ्यांत, सन १८७६ पासून सन १९१५ पर्यंत काम करणाऱ्या मिस मेरी स्लेसर यांची ही हकीकत आहे. तेथील लोक त्यांना मा, म्हणजे आई, या आदराच्या नांवानें हांक मारीत.

मेरीचा जन्म २ डिसेंबर १८४८ रोजीं स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन शहरीं झाला. वडील जोडे करण्याचा धंदा करीत. हातांत कसब होतें, परंतु दारूच्या व्यसनापायीं तें मातीस मिळालें. उपजीविकेच्या शोधांत हें कुटुंब डंडी शहरीं आलें. डंडी हें त्या काळीं गिरण्यांचें शहर होतें. आपल्या बंगालचा ताग जहाजें भरभरून तेथें जाई व त्याचीं पोतीं होऊन जगभर पसरत. मेरी अकराव्या वर्षीं लिननचें कापड काढणाऱ्या एका गिरणींत कामास लागली. अर्धा दिवस गिरणींत व अर्धा दिवस गिरणीच्याच शाळेंत, असा तिचा क्रम असे. चौदाव्या वर्षापासून ती पूर्ण वेळ मागावर उभी राहूं लागली. शनिवारीं रात्रीं वडील झिंगून घरीं येत, आणि कधीं कधीं त्यांच्या रागापुढें मुलीला घराबाहेर पडावें लागे. घर चालविण्याचा भार आईवर व हिच्यावर होता. असें असतांहि मागाच्या कडेला पुस्तक टेकवून, धागा तुटला नाहीं तेवढ्या क्षणांत एखादी ओळ वाचावी, अशा रीतीनें तिनें आपलें शिक्षण चालू ठेवलें.

डंडीच्या गरीब वस्तींत रविवारीं मुलांना जमवून शिकविण्याचें काम तिनें तरुणपणींच पत्करलें. तेथील उनाड पोरांना हें रुचलें नाहीं. एके सायंकाळीं एका टोळीनें तिला घेरलें. त्यांच्या म्होरक्यानें दोरीला शिशाचा गोळा बांधून तो तिच्या कपाळाजवळून गरगर फिरविण्यास आरंभ केला. दरेक फेऱ्याला गोळा अधिक जवळ येई. मेरी डोळ्याची पापणीहि न लववितां उभी राहिली. मीं माघार घेतली नाहीं तर तुम्हीं वर्गास यावें, असा करार तिनें अगोदरच करून घेतला होता. पोरांनीं गोळा खालीं टाकला व तीं वर्गास आलीं. शिक्षकाच्या अंगीं पहिला गुण धीराचा असावा लागतो, हा पाठ तिला येथें मिळाला.

सन १८७४ च्या आरंभीं डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूची वार्ता इंग्लंडांत येऊन पोहोंचली. या प्रसंगाशीं आपल्या महाराष्ट्राचाहि एक धागा जुळलेला आहे, तो आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांसाठीं नाशिकजवळ शरणपूर येथें मिशनची शाळा होती. तेथें शिकलेला जेकब वेनराइट हा तरुण लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासांत त्यांच्या सेवकांमध्यें होता. आफ्रिकेच्या अरण्यांत त्यांच्यासाठीं प्रार्थना त्यानेंच वाचली, आणि त्यांचें शव घेऊन तो लंडनपर्यंत गेला. त्या मृत्यूनें ज्यांचीं मनें हललीं त्यांत डंडीच्या गिरणींतील ही विणकरीणहि होती. मिशनरी होण्याची आशा बाळगणारा तिचा वडील बंधु अकालीं वारला होता. त्याची रिकामी जागा आपण भरावी असें तिनें ठरविलें, आणि कॅलाबार येथील शिक्षिका म्हणून तिची निवड झाली.

५ ऑगस्ट १८७६ रोजीं लिव्हरपूल बंदरांतून इथिओपिया नांवाच्या आगबोटीनें त्या निघाल्या. तेव्हां त्यांचें वय २७ वर्षांचें होतें. बोटीवर दारूचीं असंख्य पिंपें चढविलीं जात होतीं. ज्या व्यसनानें आपलें घर बुडविलें, तेंच आपल्याबरोबर आफ्रिकेस निघालें आहे, हें त्यांनीं पाहिलें. गोरे लोक त्या किनाऱ्यास केवळ ज्ञान नेत नव्हते, हें सत्य त्यांना पहिल्याच दिवशीं कळलें व तें त्या कधीं विसरल्या नाहींत.

कॅलाबार येथें स्कॉटिश मिशनचें काम सन १८४६ पासून चालू होतें. मेरीबाईंनीं प्रथम एफिक भाषा शिकण्यास वाहून घेतलें. बाजारांत, विहिरीवर, स्वयंपाकघरांत बायकांशीं बोलून त्या ती भाषा इतकी उत्तम शिकल्या कीं तींतील म्हणी व थट्टामस्करीहि त्यांच्या तोंडीं सहज येऊं लागली. पुढें ओल्ड टाउन या गांवीं त्यांची एकटीची नेमणूक झाली. तेथें त्यांनीं मातीच्या घरांत राहून तेथल्याच लोकांप्रमाणें कंद व केळीं खाण्यास आरंभ केला. पगारांतून वांचेल तो पैसा त्या मायदेशीं आईला पाठवीत. काटकसरीसाठीं आरंभिलेली ही राहणी पुढें त्यांच्या कामाचा पाया ठरली, कारण शिक्षक व शिष्य यांच्यामधील भिंत तिच्यामुळें पडली.

त्या प्रांतांत एक भयंकर समजूत होती. जुळीं मुलें जन्मास आलीं तर त्यांपैकीं एक भुताचें असतें, आणि तें कोणतें हें ओळखतां येत नाहीं, असें लोक मानीत. म्हणून दोन्ही बाळांना मातीच्या मडक्यांत घालून रानांत टाकीत व त्यांच्या आईला गांवाबाहेर हांकून देत. हे लोक स्वभावानें क्रूर होते असें मात्र कोणीं समजूं नये. आपल्या इतर मुलांवर त्यांची माया कोणत्याहि आईबापांइतकीच होती. साऱ्या आफ्रिकेंत अशी चाल होती असेंहि नाहीं. त्याच देशाच्या पश्चिम भागांतील योरुबा लोकांमध्यें जुळीं मुलें भाग्याचीं मानतात. कॅलाबारच्या लोकांकडून हें कृत्य भय करवीत होतें, आणि भयाला नुसत्या उपदेशानें उत्तर देतां येत नाहीं. पूर्वीच्या मिशनऱ्यांच्या खटपटीनें व कांहीं एफिक राजांच्या सुविचारानें शहरांत या चालीविरुद्ध कायदा झाला होता. परंतु आडगांवीं तो कोण पाळणार?

मेरीबाईंनीं वेगळा मार्ग धरला. टाकलेलीं बाळें त्या घरीं आणून वाढवूं लागल्या. अशाच एका जुळ्यांपैकीं मुलगा मारला गेला आणि मुलगी वांचली. तिला त्यांनीं आपल्या बहिणीचें जेनी हें नांव दिलें, व सन १८८३ मध्यें आजारी होऊन स्कॉटलंडला परत जातांना तिला बरोबर नेलें. ही जेनी पुढें आयुष्यभर त्यांचा उजवा हात झाली. सन १८८६ मध्यें आई व बहीण थोड्याच महिन्यांच्या अंतरानें वारल्या. आतां मायदेशीं त्यांच्या पत्राची वाट पाहणारें कोणी उरलें नाहीं. हें दुःख फार मोठें होतें, परंतु त्यामुळेंच अधिक दूरच्या व अधिक धोक्याच्या ठिकाणीं जाण्यास त्या मोकळ्या झाल्या.

तें ठिकाण म्हणजे ओकोयाँग. तेथील लोक एफिकांचे वैरी होते. बंदूक, दारू व गुलाम हाच त्यांचा मुख्य व्यवहार होता. सन १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत, भर पावसांत, क्रीक टाउनचे राजे एयो यांनीं दिलेल्या होडींतून मेरीबाई निघाल्या. बरोबर त्यांनीं सांभाळलेलीं पांच मुलें होतीं, व त्यांतील सर्वांत मोठा अकरा वर्षांचा होता. नदीकांठापासून एकेंगे गांव सुमारें चार मैल अरण्यांत होतें. अंधार पडला, मुलें भुकेनें रडूं लागलीं, आणि ओझेवाले दमून होडींतच झोंपले. तेव्हां मुलांना गांवीं ठेवून मेरीबाई त्याच चिखलांतून अनवाणी परत नदीवर गेल्या, त्यांनीं माणसांना उठविलें व मध्यरात्रीं सामान गांवीं आणलें. दुसऱ्या दिवशीं गांवानें पाहिलें कीं ही बाई राहण्यासाठींच आली आहे.

तेथील त्यांचा नित्यक्रम पाहण्यासारखा होता. पहाटे उठून प्रथम बाळांना दूध पाजावें, मग दारांत जमलेल्या रोग्यांच्या जखमा धुवून मलमपट्टी करावी. त्यानंतर मुलांचा वर्ग घ्यावा. दुपारीं भिंतीला माती लावावी, गळक्या छपरावर पानें घालावीं किंवा कपडे शिवावे. कोणाचें भांडण आलें कीं सर्व टाकून निवाड्यास बसावें. हे निवाडे तासन्‌तास चालत, आणि दोन्ही पक्षांचा राग बोलून बोलून निवेपर्यंत मेरीबाई हातांत विणकाम घेऊन शांतपणें ऐकत बसत. रात्रीं झोंपतांना खोलींत बाळांच्या झोळ्या टांगलेल्या असत व त्यांच्या दोऱ्या बाईंच्या हाताशीं असत. जें बाळ रडे त्याची दोरी अर्धवट झोंपेंतच ओढली जाई. ताप तर त्यांचा सोबतीच झाला होता. हिंवताप डासांमुळें पसरतो हें त्या वेळीं कोणासच ठाऊक नव्हतें. तो शोध सर रोनाल्ड रॉस यांनीं आपल्या सिकंदराबाद येथें सन १८९७ मध्यें लावला. मेरीबाई मच्छरदाणीवांचून निजत, आणि त्याची किंमत त्यांच्या देहानें भरली.

एकेंगे व शेजारच्या इफाको गांवीं त्यांनीं शाळा सुरू केल्या. आरंभीं नवलाईमुळें मुलें, म्हातारे, मुख्य व गुलाम असे सर्वच मुळाक्षरें शिकण्यास आले. नवलाई ओसरली तशीं मोठीं माणसें गळालीं, परंतु मुलें टिकलीं. इफाको येथें गांवकऱ्यांनीं स्वतःच्या श्रमानें शाळा व प्रार्थना यांसाठीं घर बांधलें. त्या घरांत गुलाम व धनी यांना सारखाच प्रवेश राहील, ही बाईंची अट त्यांनीं मान्य केली. ज्या समाजांत धन्याबरोबर गुलामास जिवंत पुरण्याची रीत होती, तेथें एका चटईवर दोघांनीं बसणें हाच मोठा धडा होता.

सन १८८९ मध्यें त्यांची खरी कसोटी लागली. एकेंगेचे मुख्य एडेम यांचा मुलगा एटिम लांकडाचा ओंडका अंगावर पडून जबर जखमी झाला व कांहीं दिवसांनीं मरण पावला. असें मरण जादूटोण्यानेंच येतें, अशी लोकांची श्रद्धा होती. शेजारच्या गांवचीं स्त्रीपुरुष माणसें धरून आणलीं गेलीं आणि त्यांना विषारी शेंगेचें दिव्य करावयास लावण्याची तयारी झाली. एसेरे नांवाच्या वेलीचें बीं वाटून पाजावयाचें. वांति झाली तर तो निर्दोष, मेला तर तो दोषी, असा तो न्याय होता. (याच बियांपासून पुढें डोळ्यांच्या विकारावरील औषध तयार झालें.) मेरीबाईंनीं दोन गोष्टी केल्या. मृत मुलाला उत्तम वस्त्रें घालून, छत्री धरून, मोठ्या थाटानें बसविलें, म्हणजे बापाच्या मानास उणेपणा राहूं नये. आणि स्वतः त्या कैद्यांजवळ रात्रंदिवस पहारा करीत बसल्या. दारूनें धुंद झालेले लोक धमक्या देत होते, तरी त्या हलल्या नाहींत. अखेर एकेक करून सर्व कैदी सुटले आणि त्या प्रेताबरोबर केवळ एक गाय बळी गेली. मुख्याच्या घरचें मरण माणसांच्या बळीवांचून पार पडल्याचें ओकोयाँगमध्यें पूर्वीं कोणीं पाहिलें नव्हतें.

या यशांत एका आफ्रिकन स्त्रीचा मोठा वाटा होता. ती म्हणजे एडेम यांची विधवा बहीण मा एमे. तिनें ख्रिस्ती धर्म कधीं स्वीकारला नाहीं. परंतु कोठें रक्तपाताचा बेत शिजत असला कीं ती औषध मागण्याच्या निमित्तानें मेरीबाईंकडे रिकामी बाटली पाठवी. बाटली हीच खूण असे. ती पाहतांच बाई जंगलाची वाट धरीत. आपल्याच लोकांच्या नकळत त्यांचे जीव वांचविणाऱ्या या स्त्रीचें नांव मेरीबाईंच्या नांवाबरोबर घेतलें पाहिजे.

आणि जुळ्यांचें काय झालें? इये नांवाच्या एका गुलाम स्त्रीला जुळें झालें. त्यांतील मुलगी वांचली, तिला मेरीबाईंनीं घरीं आणलें व सूझी असें नांव ठेवलें. आरंभीं लोक तिच्या सावलीसहि भीत. परंतु तें मूल दररोज सर्वांच्या डोळ्यांदेखत हंसत, रांगत, बोबडें बोलत मोठें होऊं लागलें आणि गांवावर कांहींच अरिष्ट आलें नाहीं. भीत भीत कोणी जवळ आलें, कोणीं तिला हात लावला, कोणीं तिला खेळविलें. वर्षाहून थोडी मोठी झाली असेल नसेल, तोंच उकळतें पाणी अंगावर सांडून तें मूल दगावलें. मेरीबाईंना जो शोक झाला तो सांगतां येत नाहीं. परंतु त्या दिवशीं एक नवी गोष्ट घडली. ज्यांनीं जुळीं मुलें रानांत टाकलीं होतीं तेच लोक एका जुळ्या मुलीच्या मरणाबद्दल समाचारास आले. जें काम शंभर उपदेशांनीं झालें नसतें तें एका लहान जीवाच्या सहवासानें केलें. चाल त्या दिवशीं संपली नाहीं. ती नाहींशी होण्यास पुढें पुष्कळ वर्षें लागलीं. पण भयाला तडा गेला तो येथें.

मेरीबाईंच्या खाजगी जीवनांतहि एक प्रसंग आला. कॅलाबार येथील मिशनचे तरुण शिक्षक चार्ल्स मॉरिसन यांच्याशीं त्यांचा विवाह ठरला होता. परंतु मॉरिसन यांना ओकोयाँग येथें काम करण्याची परवानगी मंडळानें दिली नाहीं, आणि ओकोयाँग सोडून शहरीं येण्यास मेरीबाईंचें मन तयार झालें नाहीं. विवाह राहिला तो राहिलाच.

पुढें इंग्रज सरकारनें तो प्रांत आपल्या अंमलाखालीं घेतला व सन १८९२ मध्यें मेरीबाईंना तेथील न्यायदानाचा अधिकार दिला. ब्रिटिश साम्राज्यांत असा अधिकार मिळालेली ही पहिलीच स्त्री असें मानतात. आज आपण जाणतों कीं तो अंमल तेथील लोकांनीं मागून घेतलेला नव्हता, आणि शिक्षिका व सरकारी न्यायाधीश हीं दोन कामें एकाच हातीं असणें सर्वथा निर्दोष नव्हतें. मेरीबाई कधीं रागाच्या भरांत हातहि उगारीत, कायद्याचीं कलमें बाजूस ठेवून मनास योग्य वाटेल तो निकाल देत. परंतु त्यांच्या कचेरींत टाकलेल्या बायकोला व गुलामाला आपलें म्हणणें आपल्या भाषेंत सांगतां येई, आणि तें कोणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेई. मेरी किंग्जली ही प्रवासी लेखिका मिशनऱ्यांवर सहसा टीकाच करी. तीहि या बाईंस भेटून त्यांच्याविषयीं आदर घेऊन परतली.

सन १८९६ च्या सुमारास बाजार दुसरीकडे गेला, त्याबरोबर पुष्कळ लोक अक्पाप येथें राहण्यास गेले, व मेरीबाईहि गेल्या. इतक्यांत देवीची साथ उसळली. मेरीबाई दिवसभर लस टोंचीत. जुन्या एकेंगे गांवीं माणसें मरत आहेत असें कळतांच त्या तेथें धांवल्या. मुख्य एडेम यांनाहि देवी आल्या होत्या. ज्यांनीं पहिल्या रात्रीं आसरा दिला त्यांची शुश्रूषा त्यांनीं एकटीनें केली. ते वारले तेव्हां मदतीस कोणी नव्हतें. बाईंनीं स्वतःच्या हातांनीं पेटी तयार केली, खळगा खणला व त्यांना मूठमाती दिली, आणि मग अरण्य तुडवून त्या घरीं आल्या.

अक्पाप येथें पहिली ख्रिस्ती मंडळी सन १९०३ मध्यें स्थापन झाली, म्हणजे ओकोयाँगांत पाऊल ठेवल्यावर १५ वर्षांनीं, आणि तीहि लहानशीच. जो शिक्षक वर्षअखेरच्या निकालावर आपलें काम मोजतो त्याला हा आंकडा निराश करील. मेरीबाई निराश झाल्या नाहींत. पन्नाशी उलटल्यावर, सांधे दुखत असतां, त्यांनीं एन्याँग खाडीच्या वरच्या प्रदेशांत इटू व त्यापुढील गांवीं नव्या शाळांचा आरंभ केला. त्या सायकल शिकल्या, आणि पाय चालेनासे झाले तेव्हां मुलांनीं ओढलेल्या लहान गाडींत बसून हिंडल्या. शाळेस त्या एखादा शिकलेला तरुण देत आणि पुढच्या गांवीं जात. अशा तरुणांना हुन्नर शिकविणारी मोठी संस्था असावी, असा त्यांचा आग्रह होता. कॅलाबारची होप वॉडेल शाळा सन १८९५ मध्यें निघाली, तिच्यामागें या आग्रहाचाहि हात होता.

१३ जानेवारी १९१५ रोजीं ऊसे गांवच्या मातीच्या घरांत त्यांनीं देह ठेवला. वय ६६ वर्षांचें होतें. जवळ जेनी व त्यांनीं वाढविलेल्या मुली होत्या. नदींतून त्यांचें शव कॅलाबारला आणलें गेलें व तेथील टेकडीवर त्यांस मूठमाती देण्यांत आली. आज त्या शहरांत त्यांचा पुतळा आहे, त्याच्या हातांत जुळीं बाळें आहेत. जेथें जुळ्यांचीं मडकीं रानांत ठेवीत, त्याच प्रदेशांत जुळ्यांच्या आया आज बाळांना पाठीशीं बांधून बाजारांत जातात.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रांत फार मोठी विद्वत्ता नाहीं, संपत्ति नाहीं, कीं मोठी शाळाहि नाहीं. आहे ती एक साधी गोष्ट. ज्याला शिकवावयाचें त्याच्या शेजारीं जाऊन राहावें, त्याची भाषा शिकावी, त्याचें भय समजून घ्यावें, आणि जें सत्य आपणांस पटलें तें त्याच्या डोळ्यांपुढें रोज जगून दाखवावें. पालकांनींहि विचार करावा, कीं घरोघर लहान मुलांस असे धडे रोज मिळतच असतात. कोणते द्यावयाचे एवढेंच आपल्या हातीं असतें.